विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार गर्दीत का तापते? रेडिएटरला आजचे रूप देणारे विल्हेल्म मेबॅक कोण होते?

समजा, मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यात कुणी हौशी माणसाने जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात मूळच्यापेक्षा मोठे इंजिन बसवलेले आहे, पुढच्या जाळीवर दोन भलेमोठे दिवे लावलेले आहेत आणि एसीही नंतर टाकलेला आहे. नेऱ्याहून मारुंजीपर्यंत मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर राहतो. हिंजवडीच्या गर्दीत गाडी दहा मिनिटे रखडली की काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो रेडिएटर बदलण्याचा. खर्च मोठा, आणि या लक्षणावर बहुधा चुकीचा.

कारण गाडी कधी तापते आणि कधी तापत नाही, यातच निम्मे निदान असते. चालत्या गाडीतल्या इंजिनाची उष्णता बाहेर कशी काढायची, या प्रश्नाची अशी फोड ज्यांनी सर्वात आधी नीट केली, त्यांत विल्हेल्म मेबॅक या जर्मन अभियंत्याचे नाव वरचे आहे. महाराष्ट्राला मेबॅक हे नाव ठाऊक आहे ते कोल्हापूरच्या शाही दसऱ्यामुळे. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार दरवर्षी त्या दिवशी दसरा चौकात येते आणि ती पाहायला गर्दी होते. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजची मेबॅक नावाची आलिशान गाडीही जोडली जाते. मात्र हे नाव ज्यांचे, त्या माणसाच्या आयुष्याबद्दल फारसे लिहिले जात नाही.

इंजिनात उष्णता येते कुठून आणि जाते कुठे?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाके फिरवायला मिळते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जाते. उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरते आणि ती पाण्याने किंवा हवेने ओढून घ्यावी लागते. म्हणजे चाकांना जेवढी ताकद मिळते, जवळपास तेवढीच उष्णता पाण्यालाही उचलावी लागते. इंजिनाची ताकद दुप्पट केली आणि रेडिएटर तोच ठेवला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. मॉडिफाइड गाड्यांचे दुखणे बहुतेक वेळा या हिशेबात असते. मेबॅक यांच्यासमोर हाच हिशेब आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत येत राहिला.

अनाथाश्रमातून डायमलर यांच्यापर्यंत

मेबॅक यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी दक्षिण जर्मनीतल्या हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार होते. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दहाव्या वर्षी वडील. पाच भावंडे उघड्यावर पडली. रॉयटलिंगेन येथे गुस्टाव्ह वेर्नर या धर्मोपदेशकाने चालवलेल्या संस्थेने विल्हेल्मला आश्रय दिला. ही संस्था नुसता अनाथाश्रम नव्हती. तिचे स्वतःचे कारखाने होते आणि मुलांना तिथे हाताला काम शिकवले जाई. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चालतो हे लक्षात आल्यावर त्याला यंत्रांचे आरेखन शिकायला बसवले गेले. संध्याकाळी गणित आणि भौतिकशास्त्राचे वर्ग. विद्यापीठाचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही.

१८६० च्या दशकात संस्थेचा यंत्र कारखाना सांभाळायला गॉटलिब डायमलर हे अभियंते आले. १८६५ मध्ये त्यांची गाठ एकोणीस वर्षांच्या मेबॅकशी पडली. डायमलर बारा वर्षांनी मोठे. त्यानंतर डायमलर जिथे गेले तिथे मेबॅक गेले. १८६९ मध्ये कार्ल्सरुहे, १८७२ मध्ये कोलोनजवळचे डॉइट्झ. तिथल्या कारखान्याचे एक मालक होते निकोलाउस ऑटो. आज दुचाकीपासून ट्रकपर्यंत सगळीकडे दिसणारे फोर-स्ट्रोक इंजिन ऑटो यांनी १८७६ मध्ये चालवून दाखवले. ते कारखान्यात तयार करून विकता येईल अशा रूपात आणण्याचे काम मुख्य आरेखक या नात्याने मेबॅक यांच्याकडे होते.

ऑटो यांचे इंजिन एका जागी उभे राहणारे होते. जड, गॅसवर चालणारे, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे घेणारे. कारखान्याच्या कोपऱ्यात असल्याने पाण्याची टाकी बाजूला बांधली की काम भागे. डायमलर यांना मात्र गाडीत, होडीत, कुठेही बसेल असे हलके इंजिन हवे होते. ऑटो यांच्याशी खटके उडाले आणि १८८२ मध्ये ते स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे निघून आले. पाठोपाठ मेबॅक आले. डायमलर यांच्या बंगल्यातल्या बागेत काचेचे एक रोपघर होते, त्यात दोघांनी कार्यशाळा थाटली. दिवसरात्र बंद दाराआड ठोकाठोक चाललेली पाहून माळ्याला खोट्या नाण्यांचा कारखाना असल्याचा संशय आला आणि त्याने पोलिसांना खबर दिली, असे सांगितले जाते. पोलिसांना आत सापडली ती फक्त अवजारे आणि इंजिनाचे सुटे भाग.

वेग वाढला तशी उष्णता का वाढली?

१८८३ मध्ये त्या रोपघरात तयार झालेले इंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेत असे. ऑटो यांच्या इंजिनाच्या तिप्पट-चौपट. एवढ्या वेगात ठिणगी पाडण्याची भरवशाची सोय तेव्हा नव्हती. म्हणून सिलिंडरमध्ये बाहेरून तापवलेली एक नळी खुपसलेली असे आणि तिच्या लालबुंद टोकाने मिश्रण पेटे. १८८५ मध्ये हे इंजिन एका लाकडी दुचाकीवर चढवले गेले. पहिल्याच फेरीत त्या तापलेल्या नळीमुळे आसनाने पेट घेतल्याची हकिकत सांगितली जाते. जगातल्या पहिल्या मोटारसायकलची ही सुरुवात.

या नळीची खरी अडचण वेगळी होती. मिश्रण नेमके कधी पेटणार, हे चालकाच्या हातात नव्हते. जुन्या गाडीच्या निदानात हा मुद्दा आजही पहिल्या काहींत येतो. ठिणगी उशिरा पडली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टायमिंग लेट असले, तर जाळ पिस्टनला ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंती आणि एक्झॉस्ट तापवत राहतो. गाडी ओढत नाही आणि गरमही होते. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवताना डिस्ट्रिब्युटर अंदाजाने लावलेला असला, तर नवा रेडिएटर घालूनही उपयोग होत नाही. टायमिंग तपासायला दिवा लागतो आणि अर्धा तास. आधी ते करावे.

पाण्याचे काय करायचे?

इंजिन रस्त्यावर आले आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि ते सतत भरत राहावे लागे. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे १०६ किलोमीटरवर, गेल्या तेव्हा वाटेतल्या ओढ्यांवर आणि खाणावळींत थांबून पाणी भरावे लागले होते. मेबॅक यांनी १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी जी चारचाकी केली, तिची चौकट पोलादी नळ्यांची होती. त्यांनी पाणी त्याच नळ्यांतून फिरवले. गाडीचा सांगाडाच रेडिएटर. कल्पना सुंदर होती. पण नळ्यांना वारा लागतो तो फक्त बाहेरून आणि तोही थोडा, त्यामुळे एक-दोन अश्वशक्तीच्या पुढे तिची मजल जाणारी नव्हती.

पुढच्या वर्षी डायमलर यांच्या नावाने कंपनी स्थापन झाली. भांडवल आले, भागीदार आले, आणि मेबॅक यांना ज्या अटींवर करार देऊ केला गेला तो त्यांनी नाकारला. फेब्रुवारी १८९१ मध्ये ते बाहेर पडले. डायमलर यांच्या पाठबळावर कानश्टाटमधल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दालनात त्यांनी काम सुरू ठेवले. १८९३ मध्ये तिथे तयार झाला बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा मारणारा कार्ब्युरेटर. आजच्या जुन्या गाड्यांत जेट म्हणून जो भाग बदलला जातो, तो याच कल्पनेतून आला. हवेच्या मानाने पेट्रोल किती, याचे प्रमाण त्यामुळे पहिल्यांदा नीट हाती आले.

हेही आपल्या तापलेल्या गाडीशी जोडलेले आहे. मोठ्या इंजिनाला लहान इंजिनाचा कार्ब्युरेटर आणि जेट तसेच ठेवले, किंवा खालच्या गॅस्केटमधून फुकटची हवा आत शिरत असली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. असे मिश्रण इंजिन तापवते. स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक विटकरी-तपकिरी दिसण्याऐवजी पांढरट दिसते. पैसे न खर्चता करता येण्यासारखी ही तपासणी आहे.

नीसच्या चढावर काय घडले?

मेबॅक यांच्याशिवाय कंपनीचे चालेना. १८९५ मध्ये डायमलर आणि मेबॅक दोघेही परतले. मेबॅक तांत्रिक प्रमुख झाले. १८९७ मध्ये त्यांनी पाण्याच्या चपट्या टाकीला आरपार अनेक बारीक नळ्या बसवल्या आणि ही टाकी गाडीच्या पुढच्या तोंडावर ठेवली. नळ्यांतून वारा जाई, नळ्यांभोवती पाणी फिरे. पाणी तेवढेच राहून हवेशी त्याचा स्पर्श कित्येक पटींनी वाढला.

पण या काळातल्या गाड्या घोडागाडीच्या बांध्याच्याच होत्या. आखूड, उंच, आणि पुढे जडशीळ इंजिन. त्यांतही ताकद वाढवत नेली जात होती. ३० मार्च १९०० रोजी फ्रान्समधल्या नीस ते ला तुर्बी या घाटाच्या शर्यतीत डायमलर कंपनीची अशीच एक गाडी पहिल्या वळणावर आदळली आणि चालक विल्हेल्म बाउर यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या ६ तारखेला गॉटलिब डायमलर यांचे निधन झाले होते. पस्तीस वर्षे ज्यांच्या सावलीत काम केले ते गेले आणि आपण आखलेली गाडी माणूस मारते असे जगाने पाहिले, हे दोन्ही चोपन्न वर्षांच्या मेबॅक यांच्या वाट्याला एकाच महिन्यात आले.

कंपनीत शर्यतीच सोडून द्याव्यात असा सूर होता. नीसमध्ये राहणारे श्रीमंत व्यापारी एमिल येलिनेक यांनी उलटा आग्रह धरला. त्यांना लांब, बुटकी आणि आणखी ताकदवान गाडी हवी होती. त्यांनी साडेपाच लाख मार्कांना ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यायला लावले. तिचे नाव मर्सिडीज.

अपघाताचा हा धडा जुन्या गाडीत इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मेबॅक यांनी जुन्याच सांगाड्यावर मोठे इंजिन ठेवले नाही. चाकांमधले अंतर वाढवले, गुरुत्वमध्य खाली आणला, चौकट दाबून घडवलेल्या पोलादाची केली. ५.९ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाचे वजन ॲल्युमिनियम वापरून कमी केले. तापलेल्या नळीऐवजी मॅग्नेटोची ठिणगी आली. आणि ३५ अश्वशक्तीची उष्णता बाहेर काढण्यासाठी रेडिएटर नव्याने आखला.

या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. गोल नळ्या शेजारी-शेजारी ठेवल्या की मध्ये मोकळ्या जागा राहतात आणि त्यांत पाणी नुसते साचते. चौकोनी नळ्यांत फटी अरुंद आणि सारख्या राहिल्या. पाण्याचा थर पातळ झाला, म्हणून ते लवकर निवू लागले. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागे, या गाडीला ९ लिटर पुरले. मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा हा रेडिएटर. आजच्या रेडिएटरची घडण निराळी असली तरी पातळ पाणी, पुष्कळ पृष्ठभाग आणि आरपार हवा हे गणित तेच आहे.

डिसेंबर १९०० मध्ये पहिली गाडी येलिनेक यांच्या हाती पडली. मार्च १९०१ मध्ये तोच नीस-ला तुर्बीचा घाट तिने ताशी सरासरी ५१.४ किलोमीटरने चढला. आधीचा विक्रम ३१.३ चा होता. फ्रेंच लोक मेबॅक यांना आरेखकांचा राजा म्हणू लागले.

रेडिएटरमागे पंखा कशासाठी?

त्याच गाडीत रेडिएटरच्या मागे एक पंखा होता. गाडी वेगात असताना वारा आपोआप मिळतो, तेव्हा पंख्याची गरज नसते. गाडी रेंगाळली की वारा थांबतो, इंजिन मात्र उष्णता देतच राहते. शर्यतीसाठी आखलेल्या गाडीतही मेबॅक यांनी रेंगाळण्याचा विचार केला होता. दसरा चौकातल्या गर्दीतून माणसाच्या पावलांनी जाणारी मोटार असो की हिंजवडीच्या रांगेतली, तिला वाचवतो तो हा पंखा.

म्हणून सुरुवातीच्या उदाहरणातल्या गाडीचे, म्हणजे वेगात थंड आणि गर्दीत गरम होणाऱ्या गाडीचे, निदान हवेपासून सुरू करायचे. फॅन बेल्ट ढिला आहे का? पंख्याभोवतीचे गोल कव्हर मोठे इंजिन बसवताना काढून टाकले आहे का? ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळतो. विजेवरचा पंखा लावला असेल तर त्याच्या तारा उलट जोडलेल्या असू शकतात. इंजिन चालू असताना पुढच्या जाळीसमोर कागद धरावा, हात आत न घालता. कागद जाळीकडे ओढला गेला पाहिजे. दूर ढकलला गेला तर पंखा उलटा फिरतो आहे. जाळीवरचे मोठे दिवे आणि नंतर लावलेला एसीचा कंडेन्सर हेही वारा अडवतात. आपल्याकडे दिव्यांची हौस फार, आणि हा अडथळा सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

उलट गाडी गर्दीत ठीक राहून खोपोलीहून बोरघाट चढताना किंवा एक्स्प्रेस वेवर तापत असेल, तर हवा पुरेशी आहे आणि पाणी कमी पडते आहे. थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे, वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, त्याचे पाते झिजणे, खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत चपटा होणे, किंवा रेडिएटरच्या नळ्या बुजणे ही कारणे संभवतात. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षारांचा थर बसतो. मेबॅक यांनी जो पाण्याचा थर मुद्दाम पातळ ठेवला, तिथे आता क्षार असतो. हे सगळे ठीक निघाले आणि तरी चढावर काटा वर गेला, तरच रेडिएटर इंजिनाच्या मानाने लहान आहे असे म्हणता येते. नवा घ्यायची वेळ तेव्हा येते.

झाकणही विसरू नये. रेडिएटरचे झाकण कुकरच्या शिट्टीचे काम करते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाने एक बार जादा दाब धरला तर उकळबिंदू सुमारे २० अंशांनी वर जातो. रबर गेलेले, शंभर-दोनशे रुपयांचे झाकण त्यामुळे चांगल्या गाडीला उकळी आणू शकते. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र उघडू नये, वाफेने चेहरा आणि हात गंभीर भाजतात. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, ऑइल दुधाळ दिसले किंवा पाणी गळती न दिसता कमी होत गेले, तर हेड गॅस्केट उडाल्याची शक्यता असते. तेव्हा गाडी पुढे चालवू नये.

आणि या सगळ्याआधी एक गोष्ट. काटा खरे बोलतो आहे का? दुसऱ्या गाडीचा मीटर आणि तिसऱ्या गाडीचा सेन्सर एकत्र असले, तर काटा काहीही दाखवू शकतो. इंजिन चालू करून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड तापमापकाने आकडा घ्यावा आणि मीटरशी ताडून पाहावा.

मर्सिडीजनंतर मेबॅक यांचे काय झाले?

डायमलर नव्हते आणि कंपनीतल्या नव्या मंडळींना जुन्या आरेखकाचा भार वाटू लागला. ज्या गाडीवर कंपनी उभी होती ती ज्यांनी आखली, त्यांचे अधिकार हळूहळू काढून घेतले गेले. १९०७ मध्ये, ६१ व्या वर्षी, मेबॅक यांनी कंपनी सोडली.

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये काउंट झेपेलिन यांचे महाकाय विमान, म्हणजे हायड्रोजन भरलेले हवाई जहाज, एख्टरडिंगेन येथे वादळात सापडून जळाले. मेबॅक यांनी झेपेलिन यांच्याशी संपर्क साधून हवाई जहाजासाठी खास इंजिन करण्याचा प्रस्ताव ठेवला. १९०९ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली. तिची सूत्रे मुलगा कार्ल याच्याकडे देण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांच्या बाबतीत निर्बंध आले तेव्हा या कंपनीने मोटारी बनवायला घेतल्या आणि १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली मेबॅक मोटार मांडली. कोल्हापूरची मोटार याच कारखान्यातली, म्हणजे मुलाच्या काळातली. तोवर मोटारीत घालायची इंजिने आणि रेडिएटर आखण्यात आयुष्य गेलेल्या विल्हेल्म मेबॅक यांचे नाव प्रथमच एखाद्या गाडीच्या तोंडावर आले होते.

१९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्र महाविद्यालयाने या शाळाबाह्य शिकलेल्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. ऑगस्ट १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याला कार्ल यांच्या कारखान्यातली पाच मेबॅक इंजिने होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला विल्हेल्म मेबॅक यांचे ८३ व्या वर्षी निधन झाले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत गॉटलिब डायमलर यांची कबर आहे, तिथेच त्यांनाही ठेवले आहे.